काटे काढायला माळावर

काट्याचा फोटो काढायचा असेल तर दुपारी जाऊ नये. सोलापुरात दुपारी खरं तर कशालाच जाऊ नये, पण ते वेगळं. डोक्यावरच्या उन्हात काटा दिसतच नाही. फांदी, पाला, काटा आणि मागची मुरमाड जमीन, सगळं एकाच मळकट पिवळ्या रंगाचं होऊन बसतं. सूर्य हातभर वर आलेला असताना तेच झुडूप पलीकडून, उन्हाकडे तोंड करून बघावं. मग प्रत्येक काट्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटते. कोवळ्या बाभळीचे लांब पांढरे काटे तर आतून पेटल्यासारखे दिसतात. हा कारभार अर्धा-पाऊण तास चालतो. पुढे ऊन चढतं, वारा सुटतो, फांद्या डोलायला लागतात, आणि मॅक्रो लेन्सवाल्यानं, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्यानं, मग गुमान डबा उघडावा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती वाऱ्यात हलत नाही.

पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, सोलापुरात तुम्ही ट्रेक करता तरी कुठं? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कडे नाहीत, सुळके नाहीत, धुक्यात बुडालेले किल्ले नाहीत. किल्ला आहे तो भुईकोट, तोही भर शहरात. त्यामुळे आमचं चालणं आडवं. एकरुखच्या तलावामागून, नान्नज-मार्डीच्या बाजूच्या माळांवरून, कधी सीनेच्या काठाकाठानं. चढ लागलाच तर एखाद्या टेकाडाचा, त्यालाही आम्ही मोठ्या मानानं डोंगर म्हणतो. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि तोही त्याच्या लहरीनं. एका आठवड्यात ओढे वाहवेल, नंतर महिनाभर तोंड दाखवणार नाही. खाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम. असल्या जागेत जे तग धरतं ते बहुतेक अंगावर काटे घेऊनच.

माझ्याबरोबर बहुधा मामा असतात. उत्तर सोलापुरातल्या एका खेड्यात लहानपण, पुढे गिरणीत नोकरी, गिरणी बंद पडल्यावर घरीच शिलाई मशीन. झाडांची नावं मला त्यांच्याकडून मिळाली. पुस्तकातली नावं मी नंतर जोडत गेले. मामांचं दुसरं काम म्हणजे छत्री धरणं. काळी, जुनी, लाकडी मुठीची छत्री. काटा उन्हात आणि त्याच्या मागे छत्रीची सावली असली की पार्श्वभूमी गडद होते आणि काटा एकटा उठून दिसतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, थोडं खाली घ्यायचं, नाहीतर पांढरा काटा नुसताच फटफटीत होतो. स्टुडिओत यासाठी लोक पैसे मोजतात. आमच्याकडे मामा छत्री धरून सुपारी कातरत उभे असतात. “झालं का गं?” एवढंच अधूनमधून.

मॅक्रोचं दुखणं असं की जवळ गेलं की काट्याचं टोक स्वच्छ आणि बूड धूसर, नाहीतर उलट. त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ/११ पर्यंत बारीक करावं, एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक. एफ/१६ च्या पुढं मात्र जाऊ नये, तिथून सगळाच फोटो मऊ पडायला लागतो. त्यापेक्षा आपणच सरकावं. काटा कॅमेऱ्याला समोरून न घेता आडवा, समांतर घेतला की बुडापासून टोकापर्यंत स्पष्ट येतो. आता काटा ज्या कोनात आहे त्या कोनात जायचं म्हणजे गुडघे टेकणं आलं, कोपरं टेकणं आलं, कधी थेट पोटावर झोपणं आलं. आणि माळावर गुडघा टेकायचा म्हणजे आधी तिथं सराटा नाही ना, हे बघायचं. सराट्याचं फळ चपलेच्या तळातूनही वर येतं, जाड जीन्सची काय कथा. मामा आणखी एक बघतात. काठीनं दगड उलटवून, झुडपाच्या बुडाशी आपटून फुरसं नाही ना, याची खात्री करतात. मुरमाच्या रंगाचं ते जनावर एवढंसं, पण त्याच्याशी चेष्टा नाही.

इतकं वाकून, सरकून, टेकून बघितल्यावर एक गोष्ट आपोआप दिसायला लागते. काटे सगळे सारखे नसतात, आणि मुख्य म्हणजे ते झाडाच्या एकाच भागातून येत नाहीत.

बोरीचं घ्या. संक्रांतीच्या सुगडात जिची बोरं घालतो, तान्ह्यांना जिच्या बोरांनी न्हाऊ घालतो, ती बोर. तिच्या पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते. पण जोडीतले दोघे एका वळणाचे नाहीत. एक सुईसारखा सरळ बाहेर आलेला, दुसरा आखूड, मागे वळलेला, मासे धरायच्या गळासारखा. बोरं काढायला हात घातलेल्या कुणालाही याचा अनुभव आहे: आत जाताना सरळ काटा टोचतो, आणि ‘नको बाई ती बोरं’ म्हणून हात मागे घेतला की वाकडा काटा बाही धरतो. कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर वाकड्याचं टोक जास्त गडद, तपकिरी, आणि बुडाशी चपटं पसरलेलं. दोन्ही काटे मूळचे उपपर्णं, म्हणजे देठाच्या दोन बाजूंना असणारी चिमुकली पानं. बाभळीचे आणि हिवराचे काटेही तिथलेच, फक्त ते दोन्ही सरळ. हिंगणबेटाचा काटा मात्र पानाच्या बगलेतून निघतो, एकटा, जाडजूड आणि चक्क हिरवा. ती काटा झालेली फांदीच आहे. निवडुंगाच्या काट्याचं मूळ पानात. आणि गुलाबाचा काटा तर नुसत्या सालीचा, अंगठ्यानं रेटला की सुटून येतो. बाहेरून सगळे टोचणारेच, पण एकानं पानं दिली, एकानं उपपर्णं, एकानं आख्खी फांदी. मला या हिशेबाचं भारी कौतुक वाटतं. फोटो काढायला लागल्यापासून मी झाडाला ‘काटेरी’ म्हणून सोडून देत नाही. काटा नेमका कुठून आलाय, हे दिसलं नाही तर फोटो अर्धा राहिला असं वाटतं.

मार्डीच्या अलीकडे एका बोरीसमोर मी अशीच आडवी झालेले असताना एक धनगर आजोबा शेळ्या घेऊन येऊन थांबले. बराच वेळ बघत होते. मग मामांना विचारलं, “काय हरवलंय का ताईंचं? काय शोधायलाव?”

मामा म्हणाले, “काही नाही, बोरीचा फोटो काढतीय.”

“बोरीचा? बोरं तर संपली की.”

काट्याचा काढतेय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनंच बघितलं. तोवर त्यांच्या शेळ्या त्याच बोरीला लागल्या होत्या. शेळीचं तोंड काट्यांतून कसं फिरतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. ओठ आधी पुढं जातात, चाचपतात, दोन काट्यांमधलं पान अलगद ओढून घेतात. घाई केली की तीही मान झटकते. मी विचारलं, एवढे काटे असून ह्या बोरच का धरतात? आजोबा म्हणाले, “ज्याला काटा त्याचा पाला ग्वाड. रुईला कुठं काटा हाय? कोण तोंड लावतंय तिला?”

यावर मी पुढं बरंच वाचलं, पण आजोबांनी सांगितलेलं त्यात फारसं बदललं नाही. कोरड्या मुलखात एकेक पान तयार करायला झाडाला पाणी मोजावं लागतं, आणि गेलेलं पान भरून काढणं परवडत नाही. मग पान वाचवायचं. कुणी चीक भरतं, कुणी कडू होतं, आणि ज्याचा पाला चवीला बरा ते काटे उभे करतं. बाभळीचं रोप शेळीच्या उंचीचं असतं तोवर त्याचे काटे बोटभर लांब. झाड वाढून तोंडाच्या पलीकडं गेलं की वरच्या फांद्यांना काटे आखूड होत जातात. उगाच खर्च कशाला? अर्थात नियम म्हणून फार ताणू नये. तिधारी निवडुंगाला चीकही आहे आणि काटेही. तो कुणाला एवढा भितो, कळत नाही.

हा तिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग, दोघांनाही आपण निवडुंगच म्हणतो, आणि फोटोत दोघं शेजारी ठेवले तर लांबचे भाऊ वाटतात. नात्यानं ते एकमेकांचे कुणी नाहीत. तिधारी इथलाच, एरंडाच्या कुळातला. त्याच्या कडांवर काटे जोडीनं येतात आणि खरचटलं तर पांढरा चीक. हा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेतू शकतं, तेव्हा फोटोसाठी वाटेतली फांदी मोडायची हौस करू नये. फड्या मात्र अमेरिकेतून आलेला, खऱ्या कॅक्टस कुळातला. त्याला चीक नाही, आणि काटे येतात ते ठरावीक ठिपक्यांतून, गुच्छानं. दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या घराण्यांनी दुष्काळाला एकच उत्तर काढलं: पानं टाकायची, खोडातच पाणी साठवायचं आणि खोडच हिरवं ठेवायचं. कॅक्टसाच्या काट्यांचा राखणीखेरीज आणखी उपयोग आहे. ते सालीवर थोडी सावली धरतात आणि सालीलगतचा वारा अडवतात, म्हणजे पाणी कमी उडतं.

फड्यावरचे मोठे काटे सभ्य म्हणावेत असे. दिसतात, आणि टोचलेच तर ओढून काढता येतात. खरे चोर त्यांच्या बुडाशी. पिवळट, आखूड केसांचे मऊ दिसणारे झुबके असतात, लेन्समधून मखमलीसारखे. त्यातल्या प्रत्येक केसाला मागे वळलेले अतिसूक्ष्म दाते. नुसता हात घासला तरी पन्नास केस कातडीत. चिमटा एकेकाला धरत बसतो. त्यापेक्षा चिकटपट्टी दाबून ओढावी, मग उरलेल्यांसाठी चिमटा. म्हणून माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत लेन्स पुसायच्या फडक्याशेजारी चिकटपट्टीचं रीळ असतं. लाल बोंडं पिकली की पोरं ती काठीनं पाडून मातीत घोळवतात, केस झडेपर्यंत. मग तोंडं लालभडक करून हिंडतात.

याच फड्यावर कधीकधी बुरशी वाटावी असे पांढरे कापसाचे पुंजके दिसतात. त्यातला एक बोटानं चिरडून बघा. बोट गडद किरमिजी होतं. बुरशी नव्हे ती, आत किडा असतो. आणि ह्या किड्याची गोष्ट आमच्या माळापेक्षा फार मोठी आहे.

अठराव्या शतकात मेक्सिकोतल्या कोचिनिअल किड्याचा लाल रंग युरोपात सोन्याच्या मोलानं विकला जायचा आणि त्या व्यापाराच्या किल्ल्या स्पेनच्या हातात होत्या. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हिंदुस्थानात पिकवायचा होता. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन या खटपटीत पुढं होते. किड्याला खायला निवडुंग हवा, म्हणून निवडुंगाच्या बागा लावल्या गेल्या. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणला, तोच खरा कोचिनिअल समजून. निघाला त्याचा चुलतभाऊ. रंग काही धड मिळेना, पण पठ्ठ्यानं एका जातीचा निवडुंग मोठ्या मुलखातून साफ खाऊन टाकला. तण किड्याकरवी मारल्याचं जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून आज ते सांगतात, आणि तेही कुणाच्या मनात नसताना घडलेलं. त्या किड्याला न जुमानणाऱ्या फड्याच्या दुसऱ्या जाती मात्र माजत राहिल्या. शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणला गेला, आणि दक्षिणेतली निवडुंगाची रानं काही वर्षांत झोपली. काट्यानं काटा काढतात म्हणतात, इथं तो किड्यानं काढला. मामांचे आजोबा सांगायचे म्हणे, गावाभोवती फड्याची पुरुषभर उंच वई होती आणि ती बघता बघता कुजून खाली बसली. ‘रोग आला’ एवढंच त्यांना माहीत. आज माळावर फड्या दिसतो तो तुरळक, बांधाच्या कोपऱ्यात एखादा. आणि त्याच्यावर हमखास एक सरडा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे खरं, पण फोटोसाठी तो कुंपणावर थांबेल तर शपथ.

घायपाताला मी बरीच वर्षं फोटोच्या लायकीचं समजत नव्हते. रेल्वेच्या कडेनं, शेताच्या बांधानं उभी असलेली ती राखाडी पात्यांची भेंडोळी कोण बघतं? मामांनी एकदा एक पातं कलतं करून दाखवलं. पात्याच्या सपाट अंगावर, जिथं एकही काटा नाही तिथं, काट्यांची नक्षी उमटलेली. पाती कोवळी असताना गड्ड्यात एकमेकींना घट्ट बिलगून असतात. शेजारच्या पात्याच्या कडेचे दाते त्या वेळी हिच्या अंगावर रुततात, आणि पातं उलगडून पुढं कितीही मोठं झालं तरी तो ठसा राहतो. तिरप्या उजेडात, पात्याला जवळजवळ घासून येणाऱ्या उन्हात तो फार देखणा येतो. फड्यासारखाच हाही मेक्सिकोकडचा. आयुष्यात एकदाच फुलतो, दोन पुरुष उंचीचा दांडा काढतो आणि मग मरतो. दांड्यावरच पिल्लं धरतात, ती खाली पडून रुजतात. दांड्याचा फोटो काढायला मात्र मजा नाही, विजेच्या खांबासारखा येतो.

हिवाळ्यात बाभळीवर लक्ष ठेवलं तर कधी काट्याला टोचलेला नाकतोडा दिसतो. खाटीक पक्ष्याचं काम. पायांत भक्ष्य धरून फाडण्याइतका जोर त्याच्या पंजांत नाही, म्हणून तो ते काट्याला अडकवतो आणि निवांत खातो, कधी नंतरसाठी ठेवून देतो. मामा याला ‘दुकान मांडलंय’ म्हणतात.

काट्यांच्या आत काय राहतं, ते बघायला मी जास्त थांबते. बोरीच्या, हेकळीच्या जाळीत शेळीचं तोंड पोचत नाही. तिथं गवत उंच राहतं, दुसऱ्या झाडांची रोपं वाढतात. पाऊस लागून गेला की तिथंच माकडशिंगी सापडते: चौकोनी, मांसल, बिनपानांची काडी, अंगावर काटा म्हणून नाही. लोक कच्ची खातात, चटणी करतात. उघड्यावर असती तर कधीच संपली असती. ती दुसऱ्याच्या काट्यांवर जगते. तिचं फूल नखाएवढं, गडद जांभळं, पाकळ्यांच्या कडेला केस, जरा झुळूक आली की थरथरणारे. स्थिर फोटो अजून मिळालेला नाही. छत्री वाऱ्याच्या बाजूला धरूनही नाही.

असल्या जागेला ‘पडीक’ म्हणतात आणि पावसाळा आला की तिथं खड्डे पाडून गिरिपुष्प लावतात, याचा मला मनापासून राग येतो. झाडं लावणं वाईट कोण म्हणेल? पण माळ हे काही झाडं विसरलेलं जंगल नव्हे. १९७९ मध्ये नान्नजचा माळ माळढोकासाठी राखला गेला. तो पक्षी उघड्यावर, लांबवर नजर जाईल अशा गवतात राहणारा, मधूनमधून एखादं खुरटं झुडूप असलं की पुरे. आज तो तिथं दिसणं म्हणजे नशीब. काळवीट अजून दिसतात, लांडगाही. माळावर दाट सावली केली तर ह्यांनी जायचं कुठं? वेड्या बाभळीनं आधीच पुष्कळ जागा खाल्ली आहे. तीही १८७० च्या दशकात कुणीतरी भल्या हेतूनंच आणली, सरपण होईल, ओसाड जमीन झाकेल म्हणून. झाकली. एवढी झाकली की आता तिच्याखाली फारसं गवत येत नाही. तिच्या काट्याचे माझ्याकडे फोटो आहेत, चांगले आहेत, पण ते मी कुणाला दाखवत नाही. हा माझा खासगी बहिष्कार.

निवडुंग आता जिल्ह्यात पुन्हा आलाय, तो थेट शेतात. सांगोल्याकडं सिमेंटच्या खांबांवर गोल चक्र बसवून जे हिरवे, तीन धारांचे वेल लोंबताना दिसतात, ते ड्रॅगन फ्रूट. अस्सल कॅक्टस. धारांवर ठिपक्याठिपक्यांतून तेच आखूड काटे, फक्त इथं त्याला ठिबक आहे, शेणखत आहे. फूल हातभर, पांढरंशुभ्र, संध्याकाळी उमलायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर येईस्तोवर मिटतं. मुळात या कुळाचा श्वासाचा व्यवहारच रात्रीचा. पानाची रंध्रं आपण दिवसा उघडी असतात असं शिकतो, कॅक्टस खोडावरची ती रंध्रं रात्री उघडतो, म्हणजे श्वासापायी पाणी कमी जातं.

एका ओळखीच्या शेतकऱ्यानं पावसाळ्यात फुलं आल्यावर बोलावलं. रात्री बॅटरी तिरपी धरून, मामांची छत्री मागं, असं बराच वेळ चाललं. फूल बाजूला ठेवून मी त्याच्या बुडाशी असलेल्या काट्यांच्या ठिपक्यावर फोकस लावत होते. शेतकरी हातात चहाचा पेला घेऊन उभे. शेवटी न राहवून म्हणाले, “ताई, एक काम करा की. सकाळी एक फळाचा झकास काढून द्या, व्हॉट्सॲपवर टाकतो. व्यापारी मागायलेत.”

काढते म्हटलं.

“पण तेवढा काटा येऊ देऊ नका. गिऱ्हाईक घाबरतंय.”